दुसऱ्या नंबरची कॅप

वैजनाथ केंद्रेच्या मनगटाला ते आधी कळलं, डोक्याला मग.

इंजिनाचा ब्लॉक उलटा करून स्टँडवर बांधला होता. त्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ठेवून झाला होता आणि त्याच्यावर पाच ठिकाणी पाच कॅपा बसवायचं काम चाललं होतं. वैजनाथ नेहमीप्रमाणे मधल्या कॅपपासून बाहेरच्या बाजूला जात होता. एक कॅप टॉर्क पान्याने आवळायची, मग क्रँक हाताने फिरवून बघायचा, मग पुढची. तिसरी आवळली तेव्हा क्रँक एका हाताने, दम न लावता फिरला. दुसरी आवळली आणि तो जड झाला. चौथी आवळली तेव्हा आणखी जड.

त्याने दोन्ही कॅपांचे बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले. थोडा फरक पडला. पण फिरताना कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा वाटत होता तो क्रँक.

ही गोष्ट २००२ च्या जानेवारीतली. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या मागच्या बोळात श्रीधर गाडगीळांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. वैजनाथ तिथे बारा वर्षं फिटर होता. अहमदपूरहून आला तेव्हा त्याला धड स्पॅनरचा नंबर कळत नव्हता. त्याला काम शिकवलं ते नागोराव फिटरने, जो त्याच भागातला आणि आता साठीला आलेला होता. वैजनाथ त्याला काका म्हणायचा.

नागोरावने पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट कॅपांचीच होती. "हे बघ," त्याने सांगितलं होतं, "क्रँकला बसायला ब्लॉकमधी अर्धी गोल जागा असते. वरची अर्धी म्हंजी ही कॅप. पण कारखान्यात हे गोल कसं करतेत? पाची कॅपा आधी आवळतेत, मग एकच लांब दांडा घालून पाची भोकं एका दमात कापतेत. म्हणून ज्या जागंची कॅप त्याच जागंला बसली पायजे, तोंडबी त्याच बाजूला पायजे. दिसायला पाची सारख्याच. पण एकीची जागा दुसरीला दिलास की भोक गोल राहत न्हाई."

गोल राहिलं नाही की काय होतं, हेही वैजनाथला पुढे डोळ्यांनी दिसलं होतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो, केसापेक्षाही पातळ. सगळं इंजिन त्या थरावर तरंगत असतं. जिथे जागा कमी पडते तिथे तो थर फाटतो, धातूला धातू घासतो, तापतो आणि एके दिवशी बेअरिंग क्रँकला मिठी मारतं. हे लगेच होत नाही. इंजिन सुरू होतं, चालतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

या इंजिनाच्या कॅपांवर मूळचे नंबर नव्हते. पूर्वी कुठल्या तरी गॅरेजात ते घासून टाकले होते. म्हणून आदल्या दिवशी इंजिन उघडताना वैजनाथने पाची कॅपा वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि खडूने त्यांच्यावर आकडे घातले. जेवण झाल्यावर पंचाने ठिपके ठोकायचे होते. एक ठिपका, दोन ठिपके, असे पाच. तेवढ्यात शाळेतून निरोप आला, पोरगी जिन्यावरून पडली म्हणून. तो तसाच मांजरी गावातल्या आपल्या घरी गेला. सकाळी परत आला तर कॅपा धुऊन पुसून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर स्वच्छ ठिपके होते. नागोरावकाकांनी केलं असणार. त्यांनीच तर शिकवलं होतं. वैजनाथने ठिपके मोजले आणि कॅपा बसवल्या.

आणि आता क्रँक जड फिरत होता.

"साहेब," तो केबिनच्या दारात जाऊन म्हणाला, "क्रँक जड जातोय. एकदा लाइन बोरिंगच्या मशीनवर लावून पाची भोकं तपासू या का?"

श्रीधर गाडगीळांनी चष्म्यावरून पाहिलं. "ब्लॉक गरम झाला होता का?"

"नाही."

"कॅपा बदलल्यात का?"

"नाही. ठिपके बघूनच बसवल्यात."

"मग मशीनवर लावून काय तिची पूजा करायची आहे? बेअरिंग नवीन आहेत वैजनाथ, घट्ट असणारच. गिऱ्हाईक सकाळपासून दारात उभं आहे. त्याच्याकडे तरी बघा."

दारात संतोष काळभोर उभा होता. लोणी काळभोरचा, पंचविशीतला, हसरा पोरगा. त्याची दहा माणसांची डिझेल गाडी कल्याणीनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. माणसं घरून आणायची, घरी सोडायची. गाडी चार दिवस बंद होती आणि कंपनीने दुसरी लावायची भाषा सुरू केली होती.

वैजनाथ परत ब्लॉकजवळ आला. बाजूला नागोराव पिस्टन पुसत बसला होता. केबिनमधलं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं. त्याने मान वर केली नाही.

वैजनाथने क्रँक आणखी दोनदा फिरवला. मग तळाचं तेलाचं चेंबर बसवलं. गाडी संध्याकाळी सुरू झाली, पहिल्या झटक्यात.

"पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही," त्याने संतोषला बजावलं. "ओझं कमी. तेलावर लक्ष ठेव."

"व्हय मिस्त्री," संतोष म्हणाला आणि हॉर्न वाजवत बोळातून बाहेर पडला.

पुढचे काही दिवस वैजनाथला जेवताना, बसमध्ये उभा असताना, मध्येच मनगटात तो जडपणा जाणवायचा. बायकोने, शालूने, एकदा विचारलंही, "हात दुखतो का?" तो नाही म्हणाला.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, नागोरावचा कामावरचा शेवटचा दिवस होता. सोमवारी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि नंतर तो गावीच राहणार होता. सकाळी साडेनऊला बोळाच्या तोंडाशी दोघं चहा प्यायला थांबले. नागोरावने बशीत चहा ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही.

"वैजनाथ, ती लोणीवाल्याची गाडी. काही तक्रार आली का रे?"

"नाही. का?"

"न्हाई, बरं झालं." त्याने बशी खाली ठेवली. "ते ठिपके माझे होते."

"माहीत आहे की."

"तसं न्हाई. तू गेलास आन् मी समद्या कॅपा एकाच टबात टाकल्या डिझेलच्या. खडू गेला धुऊन. मला दिसलाच न्हाई तो खडू. आजकाल पांढरं कायच दिसत न्हाई. बाहेर काढल्यावर ध्यानात आलं. मग बोटानं चाचपून, खुणा बघून लावल्या मी त्या ओळीनं. पहिली, तिसरी आन् पाचवी पक्क्या व्हत्या. दुसरी आन् चौथी..." त्याने हात उलटा केला. "अंदाजानं ठोकले ठिपके."

वैजनाथने पेला खाली ठेवला.

"काका, मी त्या दिवशी साहेबाला सांगत होतो. तुम्ही तिथंच होता."

"मालकाला कळलं असतं, मला दिसत न्हाई म्हणून. ऑपरेशनपतुर नोकरी ऱ्हावी वाटलं." नागोरावने बशी पुन्हा उचलली. "चालती ना गाडी? तीन हप्ते झाले. चालतीच की."

वैजनाथ केबिनकडे पळाला. श्रीधर गाडगीळांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावरचा पेपर नीट घडी घालून बाजूला ठेवला.

"गाडी बंद पडली?"

"नाही साहेब, पण..."

"गिऱ्हाईक आलं? फोन आला? चिठ्ठी आली?"

"पडायच्या आत बोलवू या. मी रविवारी येऊन खोलतो. माझ्या वेळात."

"बाहेर पाटी आहे, वाचता येते ना तुम्हाला? 'दुरुस्त माल दारातच पारखून घ्यावा.' आपण घरोघरी जाऊन आमच्या चुका परत घ्या म्हणत नाही. कामाला लागा."

टेबलावरचा फोन लाकडी पेटीत होता आणि पेटीला कुलूप होतं. वैजनाथने पावतीपुस्तकातून संतोषच्या घरचा नंबर हातावर लिहून घेतला आणि कोपऱ्यावरच्या पीसीओत गेला.

फोन संतोषच्या वडिलांनी, धोंडिबांनी उचलला. पलीकडे म्हैस ओरडत होती.

"आबा, मी नाना पेठेतून वैजनाथ मिस्त्री बोलतोय. संतोष आहे का?"

"न्हाय वं. तो पहाटंच गेला. कंपनीतली मान्सं घिऊन म्हाबळेश्वरला. गाडीचे हजार किलुमीटर झाले काल, म्हनला आता मोकळी पळवायची."

वैजनाथ मनात मोजू लागला. दहा माणसं. पन्नासच्या पुढे. खंबाटकीचा घाट, मग पसरणीचा.

"आबा, त्यांच्यातल्या कुणाचा मोबाइल नंबर आहे?"

"का? काय झालं?"

"आधी नंबर द्या आबा. मग सांगतो."

धोंडिबांनी सुनेला हाक मारली. दीपमाला फोनवर आली. कॅलेंडरवर लिहिलेला नंबर तिने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. "नम्रता मॅडम म्हणून आहेत, त्यांनी गाडी ठरवलीय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "भाऊ, काही वाईट हाय का?" वैजनाथने फोन ठेवला. तिला उत्तर द्यायचं राहून गेलं ते त्याच्या नंतर लक्षात आलं.

नम्रताचा फोन लागत नव्हता. ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. वैजनाथ आकडे दाबत राहिला. पीसीओवाला पेपरमागून त्याच्याकडे बघू लागला. अकराव्या की बाराव्या वेळी घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"मॅडम, तुम्ही कुठे आहात?"

"एक्सक्यूज मी? कोण बोलतंय?"

"मी संतोषच्या गाडीचा मिस्त्री. घाट चढलात का?"

"नाही, शिरवळला ब्रेकफास्टला थांबलोय. का?"

"संतोषला द्या. लवकर द्या."

संतोष फोनवर आला तो खुशीत होता. "मिस्त्री, एक नंबर गाडी! ऐंशीनं आलो शिरवळपर्यंत."

"ऑइलचा दिवा लागतो का?"

"सिग्नलला लुकलुकायचा. चार-पाच दिवस झाले. मागं बसलेले लोक विचारायला लागले, हे लाल काय आहे म्हणून. मग वायरच काढून ठेवली."

वैजनाथने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. "आवाज?"

"खालनं येतो थोडा. ओझ्यात. घागरीवर कुणी बुक्क्या मारतंय तसा. का, मिस्त्री?"

"गाडी तिथंच सोड. चावी काढ. पुन्हा सुरू करायची नाही. एक फूटही हलवायची नाही, कळलं? मी येतोय."

"मिस्त्री, दहा मान्सं हायेत वर. कंपनीचं पहिलं मोठं भाडं हाय हे. असं कसं सोडू?"

"मॅडमला दे परत."

नम्रता आली. मागून कुणीतरी पुरुष वैतागून विचारत होता, काय चाललंय म्हणून.

"मॅडम, या गाडीत बसून घाट चढू नका. दुसरी गाडी करा. इंजिन कधीही जाम होईल. चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं की मागची चाकं जागच्या जागी धरतात."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर पुण्यात आहात."

"मीच बसवलंय ते इंजिन," वैजनाथ म्हणाला. "चुकीचं बसवलंय."

ती फोनपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "सलिल, सगळ्यांना सांग, सामान उतरवा. नाही, आय ॲम नॉट जोकिंग. उतरवा म्हणतेय ना!"

त्या दहा जणांपैकी कुणी पुन्हा त्या गाडीत बसलं नाही. शिरवळच्या स्टँडवरून त्यांना दोन जीपा मिळाल्या.

वैजनाथ दुकानात परत गेला नाही. रिक्षाने स्वारगेट, तिथून साताऱ्याची एसटी. शिरवळला पोचायचं, दोर लावून गाडी ओढत आणायची, रविवारी इंजिन उघडायचं. बस कात्रजच्या चढाला लागली तेव्हा त्याचा श्वास जरा खाली बसला. माणसं उतरली होती. गाडी उभी होती. मोठं संकट टळलं होतं.

घाटात तिसऱ्या वळणावर बस थांबली. पुढे ट्रक थांबले होते, ट्रकांच्या पुढे आणखी ट्रक. कंडक्टर उतरून पुढे बघून आला. "बोगद्याच्या अलीकडं ॲक्सिडेंट हाय. बसा निवांत तासभर."

वैजनाथ बसला. शेजारच्या बाईने पिशवीतून संत्री काढून सोलायला घेतली. त्याने खिडकीतून वर पाहिलं. कठड्याजवळ माणसं उभी होती आणि सगळी एकाच जागी बघत होती. कात्रजच्या घाटात रोजच काही ना काही होतं, त्याने स्वतःला सांगितलं. संतोष शिरवळला आहे. चावी काढून बसला आहे.

मग तो उठला आणि बसमधून उतरला.

चढावर तो आधी चालत होता, नंतर पळत होता. रिकामे ट्रक, भरलेले ट्रक, बंद इंजिनांचा वास, खाली उतरून विडी ओढणारे ड्रायव्हर. "एकटाच होता म्हणे," कुणीतरी म्हणालं. रस्त्यावर आधी त्याला काळी रेघ दिसली. दोन रेघा, टायरच्या, शेजारी शेजारी, वळणावर न वळता सरळ गेलेल्या. त्यांच्या शेवटी संतोषची पांढरी गाडी रस्त्यात आडवी उभी होती आणि विटांनी भरलेल्या ट्रकचं तोंड तिच्या ड्रायव्हरच्या दारात घुसलं होतं.

चार माणसं पहारीने दार फाकवत होती. आत संतोष शुद्धीवर होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वैजनाथला पाहून त्याने ओठ हलवले.

"मिस्त्री, हळूच आणत होतो," तो म्हणाला. "रिकामीच होती ना. म्हटलं, तुमच्याच दारात आणून लावू."

वैजनाथने पहार धरली. दार निघालं तेव्हा गुडघ्याखाली संतोषचा उजवा पाय ओळखू येत नव्हता.

त्याला टेम्पोत घालून खाली नेलं. रस्त्यावर तेल पसरलं होतं आणि त्याला जळका वास होता. वैजनाथ टेम्पोत चढण्याआधी क्षणभर गाडीपुढे थांबला. बॉनेट वर उचकटलं होतं. त्याने पंख्याचा पट्टा धरून पुली फिरवायचा प्रयत्न केला. ती तसूभर हलली नाही.

सरकारी दवाखान्यात संध्याकाळपर्यंत पाय काढावा लागला. धोंडिबा आणि दीपमाला आले तेव्हा वैजनाथ व्हरांड्यात उभा होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं. धोंडिबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं ती दहा मान्सं वाचली, मिस्तरी. शुद्धीत असतानी पोरगं डाक्टरला सांगत व्हतं. माझ्या पोरानं तुमचं ऐकलं न्हाय."

वैजनाथला बोलायचं होतं. पण दीपमाला रडायला लागली आणि तो तिच्यासाठी पाणी आणायला गेला. त्या रात्री घरी गेल्यावर त्याने शालूला सगळं सांगितलं. शालू ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा."

सोमवारी श्रीधर गाडगीळांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत ते प्रथमच त्याला बसा म्हणाले.

"ड्रायव्हरने दिव्याची वायर काढली होती," ते म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तरी गाडी चालवली. यात खोटं काही आहे का?"

"नाही."

"मग पोलिसांना एवढंच सांगायचं. बाकीचं कुणी विचारलेलं नाही. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं परीक्षेत लिहिली तर गुण मिळत नाहीत."

"साहेब, त्या कॅपा..."

"कॅपांचं तुम्हाला, मला आणि त्या आंधळ्याला माहीत आहे. तो आता गावी जाईल. तुम्हाला पोरगी आहे. विचार करा."

वैजनाथने विचार केला. दोन दिवस केला. गाडी पोलीस चौकीच्या मागच्या आवारात आणून टाकली होती आणि बुधवारी गाड्या तपासणारे सरकारी साहेब येणार होते. इंजिन उघडायला कुणीतरी हवं होतं. वैजनाथ आपण होऊन गेला.

धोंडिबाही आले होते. ते भिंतीशी उकिडवे बसले. इंजिन खाली काढून उलटं केलेलं होतं. वैजनाथने चेंबर सोडवलं. तळाशी तेल थोडंच राहिलं होतं आणि त्यात चमचमणारा भुगा होता. त्याने बाहेरच्या कॅपा काढल्या, मग मधली. तिघींच्या खाली बेअरिंग जुन्या रुपयासारखी मळकी, पण शाबूत होती. चौथी काढली. एका बाजूला घासून तांबडा धातू वर आला होता.

दुसरी निघेना. हातोडीने दोन्हीकडून ठोकावं लागलं. निघाली तेव्हा तिच्यातलं बेअरिंग तिच्यात नव्हतं. ते क्रँकला चिकटून फिरलं होतं, ब्लॉकमधल्या अर्ध्यावर चढून कागदासारखं पातळ झालं होतं आणि तेल येण्याचं भोक त्यानेच बुजवलं होतं. क्रँक त्या जागी तापून निळा पडला होता.

सरकारी साहेब वाकून पाहत होते. "असं कशाने होतं?"

वैजनाथने दुसरी आणि चौथी कॅप दोन हातांत घेतली. "या दोघींची अदलाबदल झालीय, साहेब. हिची जागा तिला दिलीय. इंजिन आमच्या वर्कशॉपमध्ये बांधलं. मी बांधलं."

साहेबांसोबत आलेल्या कारकुनाची लेखणी थांबली. धोंडिबा भिंतीपासून उठून जवळ आले. त्यांनी त्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं, मग वैजनाथकडे.

"मंजी तुमाला ठावं नव्हतं, चुकून झालं," ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते, ते कळत नव्हतं.

"कॅपा बदलल्यात हे त्या शनिवारी कळलं, आबा. पण बसवताना क्रँक जड जात होता. काहीतरी चुकतंय हे हाताला कळलं होतं."

"आन् तरी दिली गाडी?"

"दिली."

धोंडिबा आणखी एक पाऊल पुढे आले. त्यांनी हात उचलला असता तर वैजनाथने मार खाल्ला असता. त्यांनी हात उचलला नाही. डोक्याचं मुंडासं काढून चेहरा पुसला आणि ते आवाराच्या फाटकातून बाहेर गेले. कारकून म्हणाला, "पुन्हा सांगा, सावकाश. लिहून घेतो."

त्याच संध्याकाळी वैजनाथची नोकरी गेली. श्रीधर गाडगीळ रागावले नाहीत. त्याची हत्यारांची पेटी त्यांनी बोळात आणून ठेवायला लावली आणि शटर खाली ओढून घेतलं.

दहाएक दिवसांनी, दुपारी, नागोराव मांजरीला त्याच्या दारात आला. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात पिशवी. संध्याकाळच्या गाडीने तो गावी निघाला होता. शालूने पाणी दिलं. त्याने ते घोटघोट प्यायलं.

"माझं नाव लिवलास का त्यात?"

"लिहिलं, काका."

"समदं?"

"टबात टाकल्यापासून. आणि मी क्रँक फिरवत होतो तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत, तेही. माझंही सगळं लिहिलंय."

नागोराव मान हलवत राहिला. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी हाय," तो म्हणाला, जणू वैजनाथनेच ते थांबवलं होतं. मग पिशवी उचलून तो चौकटीला हात लावत बाहेर पडला. वैजनाथ त्याला बसपर्यंत सोडायला निघाला, तर त्याने हात मागे करून थांब म्हणून खूण केली. रस्त्याने कडेकडेने, पाय चाचपत तो गेला. पुढे वैजनाथने दोन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

संतोषला दीड महिन्याने घरी सोडलं. वैजनाथ दोनदा लोणीला गेला. दोन्ही वेळा दीपमालाने दारातच सांगितलं, ते भेटत नाहीत. तिसऱ्यांदा जायचं त्याचं धाडस झालं नाही. हडपसरला एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात त्याला काम मिळालं. तिथे तो प्रत्येक इंजिन दोनदा बांधायचा, आणि लोक त्याला संथ म्हणायचे.

इंजिन दुरुस्तीतल्या निष्काळजीपणाच्या खटल्याची पहिली तारीख जूनमध्ये लागली. शिवाजीनगरच्या कोर्टात व्हरांड्यातल्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. श्रीधर गाडगीळ वकिलासोबत खिडकीशी उभे होते. त्यांनी वैजनाथकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. पलीकडच्या बाकावर धोंडिबांशेजारी संतोष होता, मांडीवर कुबड्या आडव्या घेऊन. तो वैजनाथकडे पाहत होता. नजर काढून घेत नव्हता आणि तिच्यात काय होतं ते वैजनाथला वाचता येत नव्हतं.

वैजनाथ भिंतीला टेकून उभा राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. शिपाई येऊन दुसऱ्यांचीच नावं पुकारून जात होता.

शेवटी धोंडिबा बाकावर थोडे सरकले. संतोषच्या आणि त्यांच्या मध्ये नाही, बाकाच्या टोकाला, हातभर जागा झाली.

"बसा, मिस्तरी," ते समोर बघत म्हणाले. "आपला नंबर यायला येळ हाय."